जहाजाचं चित्र बघताना आधी वारा शोधा

माझा मामा गिर्याचा. गिर्ये म्हणजे विजयदुर्ग किल्ल्याच्या अलीकडचं गाव. पोरवयात शिडाच्या मचव्यावर आणि पुढे इंजिनाच्या बोटींवर त्याची हयात गेली. एका मे महिन्यात अंगणात बसून मी त्याला टॅबवर एक डच चित्र दाखवलं. सतराव्या शतकातलं, तोफेचा बार उडवणाऱ्या जहाजाचं. प्रकाश, ढग, रचना यांवर काय काय सांगायचं ते मी मनात जुळवून ठेवलं होतं. मामाने चष्मा पुसला, टॅब जवळ घेतला आणि मिनिटभर काही बोललाच नाही.

"वारो पडलो हा," तो म्हणाला. मग धुराच्या ढगावर बोट टेकवून, "धूर बघ. हलणा नाय."

त्या चित्राबद्दल मी बरंच वाचलेलं होतं, पण वाऱ्याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. त्यानंतर जहाजांची चित्रं बघायची माझी रीतच बदलली. ती इथे क्रमाने मांडतो. युरोपला जाणार असाल तर उत्तमच, नाहीतर घरी बसून मोबाइलवर बघायलाही हीच रीत चालते. चित्रकलेचं किंवा नौकानयनाचं आधीचं ज्ञान लागत नाही.

सुरुवातीला चार चित्रं पुरेत

संग्रहालयात जाऊन एका दिवसात पन्नास समुद्रचित्रं बघणाऱ्याला संध्याकाळी सगळी सारखीच वाटतात. मलाही वाटली होती. त्यापेक्षा चार घ्या आणि महिनाभर तीच बघा. पहिली दोन डच चित्रकार धाकट्या विलेम व्हॅन द व्हेल्डची: 'द कॅनन शॉट' आणि 'द गस्ट ऑफ विंड'. दोन्ही साधारण 1680 ची, दोन्ही आम्सटरडॅमच्या रायक्सम्युझियममध्ये. एकात वारा पडलेला, दुसऱ्यात सुटलेला. तिसरं इंग्रज चित्रकार टर्नरचं 'द फायटिंग टेमेरेअर', लंडनच्या नॅशनल गॅलरीत. चौथं डॉमिनिक सेरेसचं 'द कॅप्चर ऑफ गेरिया', ग्रीनिचच्या नॅशनल मॅरिटाइम म्युझियमच्या संग्रहातलं. हे चौथं का, ते शेवटी सांगतो.

रायक्सम्युझियम आपली चित्रं मोठ्या आकारात मोफत उतरवून घेऊ देतं, इतक्या मोठ्या की एकेक दोर मोजता येतो. मोबाइलच्या पडद्यापेक्षा लॅपटॉप बरा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या प्रतींच्या वाटेला मात्र जाऊ नका. त्यात कडा कापलेल्या असतात आणि जहाजाच्या चित्रात कडेला नेमकं महत्त्वाचं काहीतरी असतं.

पहिली पायरी: वारा

चित्र उघडलं की जहाजाकडे बघू नका. कागदाचा चिटोरा घ्या, चित्राची चौकट काढा आणि वारा कुठून कुठे वाहतोय त्याचा एक बाण काढा. तो ठरवायला साक्षीदार पाच: निशाणं, शिडं, धूर, लाटा, ढग. चांगल्या चित्रात पाचही जण बहुतेक एकच साक्ष देतात.

निशाणांपाशी नवखा माणूस हमखास फसतो. मोटारसायकलला लावलेला झेंडा मागे फडफडतो, म्हणून जहाजाचाही मागेच फडफडणार असं आपण धरून चालतो. पण मोटारसायकल स्वतःच्या जोरावर हवा कापत जाते, शिडाचं जहाज वाऱ्याच्या ढकलण्यावर. वारा पाठीमागून असेल तर जहाज वाऱ्यापेक्षा हळूच चालणार, म्हणजे वारा त्याला ओलांडून पुढे जाणार, आणि डोलकाठीवरचं निशाण पुढच्या बाजूला, जहाजाच्या नाळेकडे फडकणार. वारा आडवा असेल तर निशाण बाजूला फडकेल. शिडं पुढे टम्म फुगलेली आणि निशाण मागे उडतंय असं चित्र दिसलं, तर काढणाऱ्याने जहाज फक्त चित्रातच बघितलंय असं खुशाल समजा. किनाऱ्यावरच्या हॉटेलांत आणि दिवाणखान्यातल्या लाकडी नमुन्यांत ही चूक इतकी सर्रास दिसते की मी आता लग्नाकार्याला गेलो तरी आधी तीच शोधतो. बायकोला याचा कंटाळा आलाय.

आता 'कॅनन शॉट' उघडा. शिडं सैल लोंबतायत. पाणी जवळजवळ आरशासारखं. तोफेचा बार नुकताच झालाय, बहुधा सलामीचा किंवा निघण्याच्या इशाऱ्याचा, आणि धुराचा लोळ जहाजाच्या कुशीला चिकटून राहिलाय. त्याला न्यायला वाराच नाही. आवाजही रंगवता येतो हे मला या चित्रात पहिल्यांदा कळलं: इतक्या स्तब्ध पाण्यावर तो बार किती दूर गेला असेल याचा अंदाज आपोआप येतो. चित्र तसं लहान आहे, उंचीला 80 सेंटिमीटरसुद्धा नाही.

लगेच 'गस्ट ऑफ विंड' शेजारी लावा. तोच चित्रकार, साधारण तोच आकार, तशीच उभी चौकट. इथे जहाज एका अंगावर कललंय. कलण्याची बाजू हाही वाऱ्याचा पुरावाच: वारा ज्या बाजूने येतो त्याच्या विरुद्ध बाजूला जहाज झुकतं. झुकलेल्या बाजूच्या खालच्या तोफांच्या खिडक्या पाण्याच्या किती जवळ येतात ते बघून ठेवा. पुढे कामाला येईल.

वाऱ्याबद्दल अजून एक. चौकोनी शिडांची ही जहाजं थेट वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नसत. वाऱ्याच्या दिशेपासून साधारण 65 ते 70 अंश हटूनच त्यांना चालावं लागे, आणि वाऱ्यावर चढायचं तर नागमोडी वळणं घेत. म्हणून लढाईच्या चित्रात दोन रांगा दिसल्या की विचारायचं, वाऱ्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे वारा येतो त्या बाजूला, कोण? लढाई कधी सुरू करायची हे बहुतेक त्याच्या हातात असतं. खालच्या अंगाला जो असतो त्याच्या डोळ्यांत दोघांच्याही तोफांचा धूर जातो, पण पळायची वाटही त्यालाच मोकळी असते.

दुसरी पायरी: नाळ बघून काळ ओळखा

खाली तारीख न वाचता चित्रातल्या जहाजाचा काळ सांगता येणं ही गंमत आहे, आणि ती एका आठवड्यात जमते.

मोठ्या जहाजाला तीन डोलकाठ्या. मधली सर्वांत उंच, पुढची तिच्याहून जरा कमी, मागची सर्वांत लहान. त्याशिवाय नाळेतून पुढे तिरकी झेपावणारी एक काठी. या तिरक्या काठीच्या टोकाला एक चिमुकली डोलकाठी सरळ उभी केलेली आहे का ते बघा. असली तर जहाज बहुतेक सतराव्या शतकातलं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ती गेली आणि त्या जागी पुढच्या डोलकाठीपासून तिरक्या काठीपर्यंत ताणलेली त्रिकोणी शिडं आली. मागच्या डोलकाठीवर आपल्या कोकणी गलबतांसारखं तिरकं, लांब काठीला बांधलेलं शीड दिसलं तर तेही जुनेपणाचं लक्षण. पिछाडी उंच, चढत गेलेली आणि कोरीवकामाने मढलेली असेल तर सतरावं शतक, सपाट आणि साधी होत गेली असेल तर नंतरचं.

पिछाडीवर जरा रेंगाळाच. डच जहाजांच्या मागच्या फळीवर जहाजाच्या नावाचं चित्रच कोरलेलं किंवा रंगवलेलं असे. सेनापती डी राउटरच्या 'डी झेव्हन प्रोव्हिन्सिएन' या जहाजावर, म्हणजे 'सात प्रांत' या नावाच्या जहाजावर, डच प्रांतांची चिन्हं होती. अक्षरं वाचता न येणाऱ्या खलाशालाही जहाज ओळखू येई. डच भाषेत चित्राला जो शब्द, त्यातूनच इंग्रजीतला 'टॅफरेल' हा पिछाडीचा शब्द आला. म्हणजे आपण बघतो ते चित्रातल्या जहाजावरचं चित्र.

निशाणांचे रंग थोडक्यात. आडवे लाल-पांढरा-निळा म्हणजे डच. इंग्रजी आरमारात 1864 पर्यंत लाल, पांढरं आणि निळं अशी तीन पथकांची तीन निशाणं होती, म्हणून एकाच इंग्रजी ताफ्यात निरनिराळ्या रंगांची निशाणं दिसली तर घोटाळा समजू नका. क्रांतीपूर्वीचे फ्रेंच पांढरं लावत. लाल-पांढरे आडवे पट्टे असतील तर ईस्ट इंडिया कंपनी. सुरुवातीला एवढं पुरे.

तिसरी पायरी: क्षितिज कुठे बसवलंय

चित्राच्या उंचीवर क्षितिजरेषा कुठे येते ते पट्टीने मोजा. खरोखर पट्टी लावा, नजरेचा अंदाज चुकतो. हार्लेमचा हेन्ड्रिक व्ह्रूम (साधारण 1566 ते 1640) हा डच समुद्रचित्रकारांचा मूळपुरुष मानला जातो. त्याच्या चित्रांत क्षितिज वर असतं, म्हणजे आपण जणू उंचावरून बघतोय. त्यामुळे प्रत्येक जहाज सुटं, स्पष्ट, पाण्याच्या हिरव्या पटावर मांडल्यासारखं दिसतं. पैसे देणाऱ्याला आपलं जहाज नीट ओळखता आलं पाहिजे ना.

मग यान पोर्सेलिस आला. त्याने क्षितिज खाली ओढलं, आभाळाला चित्राचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग देऊन टाकला आणि रंग उतरवून करडा, भुरा, मातकट असा समुद्र केला. बघणारा वरून खाली आला, एका होडीत बसला. मला स्वतःला हे सगळ्यांत आवडतं. सोनेरी सलामीच्या चित्रांपेक्षा पोर्सेलिसची मासेमारीची एखादी होडी, तिच्यातले वाकलेले दोन-तीन जण आणि अंगावर येणारी छोटी, चिडखोर लाट बघा. मृगाच्या आधीच्या आठवड्यात देवगडच्या खाडीच्या तोंडाशी पाण्याला असाच रंग येतो.

एक सावधगिरी: जुन्या चित्रांवरचं वॉर्निश वर्षांनुवर्षं पिवळं पडतं. निळं आभाळ चहाच्या डागासारखं दिसायला लागतं. चित्र सोनेरी दिसलं की लगेच संध्याकाळ समजू नका. आधी पांढरी शिडं खरंच पांढरी आहेत का ते बघा.

चौथी पायरी: पैसे कोणी दिले?

इथे दोन व्हॅन द व्हेल्ड, बाप आणि लेक, यांची गोष्ट सांगायलाच हवी. दोघांचं नाव विलेम. दोघे लायडनचे. थोरला 1611 चा, धाकटा 1633 चा.

थोरला रंगात फारसं काम करत नसे. पांढरी पूट दिलेल्या फळीवर किंवा कॅनव्हासवर तो लेखणीने, शाईने चित्र काढी. लांबून ते छापलेल्या नकाशासारखं दिसतं. जवळ गेलात की दोरखंड, कप्प्या, कठड्यावर रेललेली माणसं, सगळं सापडत जातं. हा माणूस डच आरमाराच्या मागोमाग लहान नौकेत बसून लढायांना जात असे आणि तोफा चालू असताना कच्ची चित्रं काढत असे. 1653 च्या टरहाइडच्या लढाईचं त्याचं शाईचं चित्र रायक्सम्युझियममध्ये आहे, जवळपास तीन मीटर रुंद. त्यातल्या एका छोट्या नौकेत हातात कागद घेऊन बसलेला माणूस सापडतो का बघा. तो स्वतः चित्रकार आहे. त्या काळात बातमीदार, छायाचित्रकार आणि साक्षीदार अशी तिन्ही कामं हा एकटा करत होता.

1672 मध्ये हॉलंडवर फ्रान्स, इंग्लंड असे एकदम चालून आले. देशाची दैना झाली, चित्रं घेणार कोण? त्या हिवाळ्यात बापलेक सरळ इंग्लंडला गेले, म्हणजे शत्रूकडे. इंग्लंडच्या राजाने, दुसऱ्या चार्ल्सने, त्यांना ग्रीनिचच्या क्वीन्स हाउसमध्ये जागा दिली आणि 1674 मध्ये दोघांना वर्षाला शंभर-शंभर पौंड लावून दिले. बापाने सागरी लढायांची रेखाटनं करायची आणि लेकाने ती रंगवायची, अशी कामाची वाटणी हुकुमातच लिहिलेली होती. कालपर्यंत डचांचे विजय काढणारा हात आता इंग्रजांचे विजय काढू लागला.

याला कुणी गद्दारी म्हणेल. मला तसं वाटत नाही. पोट होतं, कला होती, गिऱ्हाईक तिकडे होतं. आणि त्यांच्या जहाजांची बांधणी, दोर, शिडं दोन्हीकडे तितकीच इमानदार राहिली. बदललं ते एवढंच: कोणतं जहाज उजेडात आणि कोणतं धुरात. म्हणून लढाईचं चित्र बघताना सूर्याचा कवडसा कुणाच्या शिडावर पडलाय ते शोधा. नाणी मोजून देणारा बहुधा तिथेच सापडतो.

पाचवी पायरी: चित्रकार कुठे खोटं बोलतोय?

चार पायऱ्या चढून आलात की चूक पकडायचा चस्का लागतो. मग टर्नरकडे वळा, कारण तो चुका जाणूनबुजून करतो.

'टेमेरेअर' हे 98 तोफांचं जहाज, 1798 साली पाण्यात उतरलेलं. 1805 च्या ट्रफाल्गारच्या लढाईत ते इंग्रज सेनापती नेल्सनच्या 'व्हिक्टरी' या जहाजाच्या पाठोपाठच होतं. पुढे जुनं झालं आणि सप्टेंबर 1838 मध्ये मोडीत निघालं. बीटसन नावाच्या जहाजफोड्याने ते घेतलं आणि टेम्स नदीतून रॉदरहाइथला ओढून नेलं. टर्नरने पुढच्याच वर्षी हे चित्र प्रदर्शनात मांडलं.

आता चिटोरा काढा. प्रत्यक्षात जहाज विकण्याआधीच त्याच्या डोलकाठ्या उतरवलेल्या होत्या. चित्रात तिन्ही डोलकाठ्या डौलात उभ्या आहेत. प्रत्यक्षात ओढायला वाफेच्या दोन बोटी होत्या, चित्रात एकच, काळीकुट्ट, आग ओकणारी. जहाज समुद्राकडून लंडनकडे, म्हणजे पश्चिमेला चाललं होतं. चित्रात सूर्यास्त जहाजाच्या पाठीमागे आहे, म्हणजे सूर्य पूर्वेला मावळतोय! आणि जहाजाचा रंग? लढाऊ जहाजाचे काळे-पिवळे पट्टे सोडून त्याने ते फिकट, सोनेरी-पांढरं, जवळजवळ भुतासारखं केलंय.

एक गोष्ट मात्र त्याने काटेकोर पाळली. जहाजावर ब्रिटिश निशाण नाही. विकलं गेलेलं जहाज आता आरमाराचं नव्हतं.

हे सगळं मी मामाला सांगितलं तेव्हा त्याला सूर्याचं काहीच वाटलं नाही. डोलकाठ्यांचं वाटलं. मचवा मोडायला देताना डोलकाठी आधी काढतात, ती चांगल्या सागाची असते, दुसऱ्या होडीला चालते. "डोलकाठी ऱ्हवली तर बोट जिती," असं म्हणून त्याने टॅब परत दिला.

टर्नरने हे चित्र शेवटपर्यंत विकलं नाही. मृत्यूनंतर ते देशाला मिळालं, आणि आता इंग्लंडच्या वीस पौंडांच्या नोटेवर त्याच्या चेहऱ्यामागे हेच जहाज छापलेलं आहे. लंडनला जाल तेव्हा नोट हातात धरून मूळ चित्रासमोर उभे राहा. नॅशनल गॅलरीतला कायमचा संग्रह बघायला पैसे पडत नाहीत.

ट्रफाल्गारचं टर्नरचं मोठं चित्रही ग्रीनिचला आहे. चौथ्या जॉर्ज राजाने ते मागवलं होतं. त्यात सकाळी फडकवलेला संदेश, दुपारी कोसळलेली डोलकाठी आणि दुसऱ्या दिवशी बुडालेलं शत्रूचं जहाज असं सगळं एकाच क्षणात दाखवलंय. आरमारातले लोक त्यावर चिडले होते. वाऱ्याचा बाण काढायचा प्रयत्न करून बघा, डोकं गरगरेल.

सहावी पायरी: एकदा खऱ्या जहाजावर जा

चित्रांत न कळणारी एक गोष्ट म्हणजे आकार. ती लाकडाजवळ उभं राहिल्याशिवाय कळत नाही. तीन जागा सांगतो.

स्टॉकहोमचं 'वासा' हे 64 तोफांचं स्वीडिश जहाज 10 ऑगस्ट 1628 रोजी पहिल्याच सफरीवर निघालं आणि साधारण 1300 मीटर गेल्यावर बुडालं. वरचा भाग जड, बूड अरुंद. एक झुळूक आली, जहाज कललं आणि तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी आत शिरलं. मघाशी 'गस्ट ऑफ विंड'मध्ये बघून ठेवलेल्या त्या खिडक्या आठवा. 333 वर्षं ते तळाशी राहिलं आणि 1961 मध्ये बाहेर काढलं तेव्हा जवळजवळ अख्खं होतं. बाल्टिक समुद्र कमी खारा आहे, त्यात लाकूड पोखरणारा किडा जगत नाही. होडीच्या बुडाला लागणारा हा किडा आमच्याकडे ज्याला माहीत नाही असा दर्यावर्दी नसेल. मामाला हे ऐकून त्या समुद्राचा हेवा वाटला. वासावरच्या शेकडो लाकडी मूर्ती मुळात भडक रंगांत रंगवलेल्या होत्या हेही तिथे कळतं. म्हणजे चित्रांतली तपकिरी जहाजं प्रत्यक्षात आपल्या जत्रेच्या रथासारखी असणार.

पोर्ट्समथला नेल्सनचं 'व्हिक्टरी' आहे, 1765 मध्ये पाण्यात उतरलेलं. उंच माणसाने आत डोकं सांभाळावं.

तिसरी जागा आपल्या लोकांच्या यादीत क्वचितच असते: उत्तर इंग्लंडमधलं हार्टलपूल. तिथे 'ट्रिंकोमाली' नावाचं जहाज पाण्यावर तरंगतंय. ते मुंबईच्या गोदीत, जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या हाताखाली, मलबारच्या सागवानात बांधलं आणि 12 ऑक्टोबर 1817 रोजी पाण्यात सोडलं. नेपोलियनच्या युद्धांत इंग्लंडमधला ओक संपत आला होता, म्हणून ही कामं मुंबईला येत. या जहाजाचे नकाशे पहिल्यांदा पाठवले ते 'जावा' नावाच्या जहाजातून. ते 1812 मध्ये अमेरिकनांनी लढाईत हरवलं, त्याबरोबर नकाशेही गेले, मग दुसरी प्रत आली.

मुंबईचं लाकूड युरोपच्या चित्रांतही आहे. 1827 मध्ये ग्रीसच्या किनाऱ्यावर नाव्हारिनोची लढाई झाली, केवळ शिडाच्या जहाजांनी लढलेली शेवटची मोठी लढाई. इंग्रज सेनापती कॉड्रिंग्टनचं निशाण 'एशिया' या 84 तोफांच्या जहाजावर होतं, आणि ते मुंबईत बांधलेलं, 1824 चं. त्या लढाईला स्वतः हजर असलेल्या रेनेगल या चित्रकाराची चित्रं शोधा. धुराच्या मधोमध उभं असलेलं ते जहाज वाडियांच्या सुतारांनी तासलेलं आहे.

गृहपाठ: गेरिया

आता चौथं चित्र. गेरिया म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, आमचं गिर्येच. विजयदुर्गाला इंग्रज त्या नावाने ओळखत. फेब्रुवारी 1756 मध्ये ॲडमिरल वॉटसनचं आरमार आणि क्लाइव्हची फौज तुळाजी आंग्र्यांवर चालून आली. तोफगोळ्याने एका जहाजाला आग लागली, ते आंग्र्यांनी पूर्वी कंपनीकडूनच जिंकलेलं होतं, आणि ती आग बांधून ठेवलेल्या गुराब-गलिवतांत पसरून सगळं आरमार जळालं. डॉमिनिक सेरेसने हे चित्र 1771 मध्ये, पंधरा वर्षांनंतर रंगवलं. तो जन्माने फ्रेंच, पण लंडनच्या रॉयल ॲकॅडमीच्या संस्थापक सदस्यांपैकी एक.

मामाला हे चित्र दाखवलं तेव्हा त्याने ते बराच वेळ धरून ठेवलं. किल्ला ओळखला, पण आपण तो रोज ज्या बाजूने बघतो ती ही बाजू नव्हे, एवढं त्याने लगेच सांगितलं. सेरेसने बघणाऱ्याला समुद्रात उभं केलंय, हल्ला करणाऱ्यांच्या अंगाला. मग मामा वाऱ्यावर आला. फेब्रुवारीत सकाळी मतलई, जमिनीकडून. दुपारी खारा वारा सुटतो, वायव्येकडून पश्चिमेकडून, आणि तोच शिडाच्या जहाजाला वाघोटणच्या खाडीत घालतो. सकाळचा हल्ला असेल तर जहाजं आत शिरणारच नाहीत, असं त्याचं ठाम म्हणणं.

"निशाणा खंय बघतत?" त्याने विचारलं, म्हणजे निशाणांची तोंडं कुठे आहेत.

तुम्ही चिटोरा घ्या, किल्ल्याची जागा खुणेने मांडा, उत्तर दिशा कुठे येते ते आजच्या नकाशावरून ताडा, मग निशाणं, शिडं आणि आगीचा धूर यांचे तीन वेगळे बाण काढा. तिन्ही जुळले, तर मामाच्या दुपारशी पडताळून बघा. न जुळले तर कोणता खोटा, ते शोधायला पहिल्या पायरीपासून पुन्हा सुरुवात करा.